सीमेवर झेंडा शेवटी असू द्या : पुण्यातल्या सहल आयोजकांना खुलं पत्र

पुण्यातील समस्त सहल आयोजक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सिंगापूर-मलेशियाच्या माहितीपत्रकांत एक वाक्य असतं. कंपनी कुठलीही असो, ते वाक्य तेच. 'दिवस चौथा : नाश्त्यानंतर आरामदायी वातानुकूलित बसने क्वालालंपूरकडे प्रयाण.' शेजारी जुळ्या मनोऱ्यांचा फोटो. त्या 'प्रयाण' शब्दाच्या पोटात एक देश संपतो, दुसरा सुरू होतो, माणसाला बसमधून दोनदा उतरावं लागतं, दोनदा रांगेत उभं राहावं लागतं आणि एकदा सगळ्या बॅगा ओढत न्याव्या लागतात. यातलं काही तिथे छापलेलं नसतं.

मी सहलींच्या विरोधातली बाई नाही. पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं, निवृत्त झाले आणि त्यानंतर आम्ही दोघांनी नऊ ग्रुप टूर केल्या. मी ६६ वर्षांची, आमचे हे ७२ चे, एक गुडघा बदललेला. परदेशात सातव्या दिवशी तुमचा स्वयंपाकी पिठलं-भात वाढतो तेव्हा डोळ्यांत पाणी येणाऱ्यांपैकी मी आहे. तेव्हा हे पत्र घरच्या माणसाचं समजून वाचा.

सीमा म्हणजे काय, हे आम्हाला सिंगापूर-मलेशियाच्या टूरपर्यंत ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा ओलांडली ती सोनौलीला. गोरखपूरहून बसने गेलो, ट्रकांच्या लांबलचक रांगेच्या कडेकडेने बस पुढे सरकली, ड्रायव्हर गाडीचे कागद घेऊन 'भन्सार'मध्ये, म्हणजे त्यांच्या जकात कार्यालयात गेला, आम्ही बसमध्ये बसून चिवडा खाल्ला. तासाभराने कुणीतरी म्हणालं, नेपाळ आलं, घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करा. झालं! युरोपात तर तेवढंही नाही. जर्मनीतून ऑस्ट्रियात गेलो ते फोनवर मोबाईल कंपनीचा स्वागताचा संदेश आला म्हणून कळलं. आणि वाघाला गेलो तेव्हा सीमा ही पायऱ्यांवर बसून टाळ्या वाजवत बघायची गोष्ट होती. तुमची बहुतेक गिऱ्हाइकं अशीच असतात. सीमा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर एकतर काहीच येत नाही, नाहीतर बूट आपटणारे जवान येतात. सिंगापूर-मलेशिया ही तिसरीच तऱ्हा आहे, आणि ती तुम्हाला माहीत असते. आम्हाला नसते.

गेल्या दिवाळीची गोष्ट. टूर तुमच्यातल्याच एकाची, नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांनी 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून सुटका करून घ्यायला नको. आम्ही ४१ जण होतो. सिंगापूरचे तीन मुक्काम आटोपून शनिवारी, १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या सकाळी बसने मलेशियात जायचं होतं.

आता ही तारीख बघा. सिंगापुरात आणि मलेशियात दीपावलीची सार्वजनिक सुट्टी असते. तिथला तमिळ समाज नरक चतुर्दशीला दिवाळी करतो आणि २०२५ साली ती सोमवारी, २० ऑक्टोबरला होती. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी. सिंगापूरहून मलेशियात जायचं वुडलंड्स हे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जमिनीवरच्या नाक्यांपैकी एक आहे, तिथून साध्या दिवशीही लाखो माणसं ये-जा करतात. त्यात जोडून सुट्टी आली की सिंगापुरातली माणसं घरी, नातेवाइकांकडे, स्वस्त खरेदीला, सगळी एकाच दिशेने निघतात. नेमक्या त्या सकाळी आपण पुण्याची ४१ माणसं तिथे नेऊन उभी करतो, कारण आपल्याकडे शाळांना तेव्हा सुट्टी असते. दिवाळी फक्त आपल्याच घरी असते अशी तुमची समजूत दिसते. हीच टूर गुरुवारी सीमेवर आणता आली असती, सिंगापूरचे दोन मुक्काम शेवटी ठेवून किंवा उलटीकडून सुरुवात करून. बुकिंग घेताना कॅलेंडर एकदा त्या देशाचंही उघडा, एवढंच.

फराळाचंही तेच. एरंडवण्यातल्या हॉलमध्ये टूरआधीची बैठक झाली. टोपी मिळाली, बॅग मिळाली, वडा-कॉफी झाली आणि 'दिवाळी आहे, फराळ बिनधास्त आणा' असं माईकवरून सांगितलं गेलं. मी चोवीस अनारसे घेतले. मुंबई विमानतळावर बॅगा देऊन झाल्यावर भाचीचा फोन आला, ती सिंगापुरात असते. "मावशी, अनारशांना खसखस लावली आहेस का गं?" अनारशाला खसखस लावत नाहीत तर काय लावतात? सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे. ती अफूच्याच बोंडातली, तिच्यात मॉर्फिनचा अंश सापडू शकतो म्हणून तिथलं अमली पदार्थविरोधी खातं तिला निषिद्ध मालात धरतं. नशिबाने डबा हातातल्या पिशवीत होता. रात्री एक वाजता, विमानाची वाट बघत, अकरा जणांनी मिळून चोवीस अनारसे संपवले. छान झाले होते. पण मुद्दा तो नाही. च्युइंगगमवर तिथे १९९२ पासून बंदी आहे हे तुमच्या टूर मॅनेजरने तीनदा सांगितलं, कारण ते गमतीदार आहे. खाण्याची तंबाखू चालत नाही, सिगारेटच्या एका पाकिटावरही कर भरावा लागतो, हे कुणी सांगितलं नाही. आमच्या ग्रुपमधल्या दोघांच्या खिशात तंबाखूच्या पुड्या होत्या. कोणाच्या ते लिहीत नाही.

आता शनिवारच्या सकाळकडे येते.

सिंगापूरच्या बाजूचं नाकं सोपं गेलं. बसमधून उतरायचं, सरकत्या जिन्याने वर जायचं, पासपोर्ट दाखवायचा, खाली यायचं, पुन्हा आपल्याच बसमध्ये बसायचं. मोठ्या बॅगा बसच्या पोटातच राहिल्या. मग जोहोरच्या सामुद्रधुनीवरचा रस्ता. त्याला सगळे पूल म्हणत होते, पण तो पूल नाही, समुद्रात भराव घालून बांधलेला बांध आहे, १९२४ साली पुरा झालेला. कडेने पाण्याचे जाडजूड नळ जातात, सिंगापूर पाणी मलेशियाकडून घेतं. लांबी जेमतेम एक किलोमीटर. आम्हाला पन्नास मिनिटं लागली. मॅनेजरने अंताक्षरी घेतली. 'म' वरून गाडी पुढे जाईना, बाहेरही आणि आतही.

ती पन्नास मिनिटं मला आज सगळ्यात जास्त खटकतात. माईक हातात होता, एकेचाळीस माणसं जागेवर बसलेली होती, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पुढे काय होणार, रांग कशी लागेल, बोटांचे ठसे घेतील, कुणाला बाजूला बसवलं तर काय करायचं, हे सांगायला याहून चांगली वेळ कुठली? बस थांबली तेव्हा सूचना आली ती अशी : "चला मंडळी, मलेशिया! सगळं सामान घ्यायचं, झेंडा बघायचा, माझ्या मागे यायचं!"

आणि काठीला बांधलेला पिवळा झेंडा उंच धरून तो सर्वांत पुढे निघाला.

आम्ही मागे पडलो. गुडघा, दोन बॅगा, गर्दीचा सरकता जिना. वरच्या दालनात पोचलो तेव्हा झेंडा काउंटरच्या पलीकडे दिसत होता, अर्धा ग्रुपही पलीकडे. रांग वळवणाऱ्या माणसाने खूण करून आम्हा दोघांना वेगवेगळ्या काउंटरवर पाठवलं. माझ्या तर्जनींचे ठसे दोनदा उमटेनात. एकतीस वर्षं खडू धरला आणि त्याहून जास्त पोळ्या लाटल्या, राहणार काय बोटांवर? काउंटरवरच्या बाईंनी स्वतः माझं बोट काचेवर दाबलं, शिक्का मारला, मी पुढे झाले. मागे वळून पाहते तो ह्यांच्या काउंटरवरचा अधिकारी मान हलवतोय आणि हात करून त्यांना बाजूच्या बाकाकडे जायला सांगतोय.

मी दोन पावलं मागे आले. लगेच एक गणवेशातला माणूस तळहात दाखवत पुढे झाला. रागावला नाही, नुसता हात केला. माझ्या पासपोर्टावर शिक्का बसला होता, आता उलट जाता येत नव्हतं. पंधरा फुटांवर नवरा बसला होता. सिंगापुरातून निघालेला, मलेशियात न पोचलेला. त्यांचा वाचायचा चष्मा माझ्या पर्समध्ये. गोळ्यांची डबी माझ्या पर्समध्ये. फोनचं रोमिंग फक्त माझ्या फोनवर, कारण 'दोघांना कशाला, बरोबरच तर असणार' असं आम्हीच ठरवलं होतं. ती चूक आमची, कबूल.

मॅनेजरला फोन लावला. तो खाली बॅगा मोजत होता. धावत वर आला, आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याही पासपोर्टावर शिक्का होता. "काकू, मला पण पलीकडे सोडत नाहीयेत." एकेचाळीस माणसांची जबाबदारी ज्याच्यावर, ज्याच्याकडे सगळी कागदपत्रं, ज्याला इंग्रजी येतं, ज्याला ऑफिसचे नंबर पाठ, तो आणि मी, दोघं एका रेषेमागे उभे राहून मराठीत ओरडत होतो. ह्यांना ऐकू येत नव्हतं.

पुण्याच्या ऑफिसचा 'चोवीस तास' नंबर लावला. मलेशियात सव्वादहा वाजले होते, म्हणजे पुण्यात पावणेआठ, आणि धनत्रयोदशी. फोन वाजून वाजून बंद झाला.

सोडवलं कुणी, तर रांगेतल्या एका अनोळखी तमिळ मुलाने. सिंगापुरात बांधकामावर कामाला होता, दिवाळीला मलेशियातल्या नातेवाइकांकडे निघालेला. त्याला हिंदी बेताचंच, ह्यांना तमिळ शून्य. त्याने रांगेतली आपली जागा सोडली, अधिकाऱ्याला काय अडचण आहे ते विचारलं आणि स्वतःच्या फोनवर ह्यांचा फॉर्म नव्याने भरून दिला. अडचण इतकीच होती की मलेशियाच्या डिजिटल अरायव्हल कार्डात, म्हणजे पोचण्याआधी ऑनलाइन भरायच्या फॉर्मात, ह्यांच्या जुन्या पासपोर्टाचा नंबर होता. ह्यांनी ऑगस्टमध्ये पासपोर्ट नवा केला होता, त्याची प्रत तुमच्या ऑफिसात दिली होती, सिंगापूरचा व्हिसा नव्या पासपोर्टावर झालाही होता. पण मलेशियाचं कार्ड कुणीतरी जुन्या यादीवरून भरलं. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांसाठी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली. बसला तिथे फार वेळ उभं राहू देत नाहीत, ती चक्कर मारायला गेली. आम्ही खाली आलो तेव्हा एक बाई म्हणाल्या, "कागदपत्रं आधी नीट तपासून घ्यायची ना!" मी काही बोलले नाही. त्यांचं कार्डही त्यांनी तपासलेलं नव्हतं, त्यांचं फक्त बरोबर निघालं.

या कार्डाबद्दल थोडं सांगते, कारण हे तुमच्या हातात आहे. मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला तेव्हा तुमच्या जाहिरातींत 'व्हिसाची कटकट नाही' असं मोठ्या अक्षरांत आलं. पण १ जानेवारी २०२४ पासून हे डिजिटल कार्ड सक्तीचं झालं, आणि ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. म्हणजे आम्ही सिंगापुरात असताना इकडे पुण्यात तुमच्या ऑफिसात कुणीतरी एकेचाळीस कार्डं भरत बसतं. सिंगापूरच्या अरायव्हल कार्डालाही तीनच दिवसांची मुदत. ज्या टूर मलेशियाहून पुन्हा सिंगापूरला येऊन विमान धरतात, त्यांना ते दुसऱ्यांदा भरावं लागतं. दोन्ही कार्डं फुकट आहेत, तुमच्या बिलात 'फॉर्म शुल्क' म्हणून काय येतं ते तुम्हालाच ठाऊक. सिंगापूर आता पासपोर्टावर शिक्का मारत नाही, प्रवेशाची परवानगी ई-मेलवर पाठवतं, आणि कार्डात तुम्ही ई-मेल ऑफिसचा घालता. म्हणजे मी सिंगापुरात किती दिवस राहू शकते, हे सिंगापूर सरकारने कर्वे रस्त्यावरच्या एका संगणकाला कळवलेलं असतं. निदान त्या कार्डाची मोठ्या अक्षरातली छापील प्रत आदल्या रात्री हॉटेलात प्रत्येकाच्या हातात द्या आणि पासपोर्ट समोर ठेवून नंबर वाचून घ्या. आकडे जुळवायला आम्हा म्हाताऱ्यांना आवडतं. अर्धं आयुष्य त्यातच गेलंय.

त्या रात्री क्वालालंपूरच्या हॉटेलात मॅनेजर आमच्या खोलीवर आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. दिवसभर लोकांची बोलणी खाल्लेली, जेवलेला नव्हता. सगळ्यांच्या शेवटी जेवतो, ताटं कमी पडली तर जेवतही नाही, हे मी चार दिवस बघत होते. "काकू, चुकलंच. पण मला कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंगमध्ये एवढंच सांगतात, झेंडा वर धरायचा आणि पुढे राहायचं." मी त्याला चकल्या दिल्या. त्यात खसखस नसते.

त्याचं खरं होतं. देवळात, बाजारात, संग्रहालयात झेंडेवाला पुढेच लागतो, नाहीतर माणसं पांगतात. तिथे हरवलेल्या माणसाला शोधायला मागे जाता येतं. सीमेवर येत नाही. शिक्का बसला की मॅनेजरही इतरांसारखाच एक प्रवासी होतो, आणि ज्याचं अडलं तो नेमका अलीकडे उरतो. पहिलीच्या मुलांना सारसबागेत नेताना आम्ही रस्ता कसा ओलांडायचो? एक बाई पुढे, एक बाई मागे, आणि मागची बाई शेवटचं मूल पलीकडे पोचेपर्यंत अलीकडचा फुटपाथ सोडत नसे. सह्याद्रीत माणसं नेणाऱ्या पुण्यातल्या कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपला विचारा, सगळ्यात जाणता गडी ते कुठे ठेवतात? रांगेच्या शेपटाला. तुम्हाला हे कळत नाही असं नाही, तुमच्यातले कितीतरी जण स्वतः ट्रेकर आहेत. फक्त बसच्या दारात पाय ठेवला की विसरता.

तेव्हा मागणी एकच आहे. जिथे बसमधून उतरून सीमा ओलांडायची असते, तिथे तुमचा मॅनेजर सगळ्यात शेवटी जाऊ द्या. चाळीस शिक्के बसेपर्यंत त्याने काउंटरच्या अलीकडे राहावं, मग स्वतःचा पासपोर्ट पुढे करावा. तुम्ही म्हणाल, मग पुढे कोण? पलीकडे तुमचा स्थानिक गाइड असतो, ड्रायव्हर असतो. आणि झेंडा धरायलाच माणूस हवा असेल तर पुण्याच्या ग्रुपमध्ये पुढे चालायला माणूस कमी पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले दोन साहेब होते, त्यांना झेंडा दिला असता तर टूरचे पैसे वसूल झाले असं त्यांना वाटलं असतं. नवरा-बायको, आई-मुलगा अशा जोड्यांनी आपापले कागद, चष्मा, औषधं स्वतःच्या खिशात ठेवायची, हे बसमध्ये माईकवरून सांगा. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना शेवटी नको, मधे घाला. आणि ऑफिसचा चोवीस तास नंबर सीमा ओलांडण्याच्या सकाळी कुणीतरी उचला, मग पुण्यात कितीही वाजलेले असोत आणि सोनं घ्यायला लक्ष्मी रस्त्यावर कितीही गर्दी असो.

याला एक रुपया खर्च नाही. टूरचा दर वाढवावा लागत नाही, माहितीपत्रकात एक ओळ वाढते.

आम्ही पुढच्या वर्षी भूतानला जायचं म्हणतोय. बागडोगऱ्याहून बसने जयगाव, तिथून सीमेवरचा दरवाजा ओलांडून फुंत्शोलिंग. भारतीयांना दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क आहे, तेवढं चौकशी करून ठेवलं आहे. तुमच्यातल्या तिघांना मी फोन केला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : दरवाज्यातून शेवटी कोण जाणार? पहिला म्हणाला, "काकू, अजिबात काळजी करू नका, सगळं आमच्यावर सोडा." दुसऱ्याने दहा टक्के सवलत सांगितली. तिसरा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे? नीट सांगा ना, काय झालं होतं?"

मी त्याला हे सगळं सांगितलं. बत्तीस मिनिटं लागली. बुकिंग त्याच्याकडे करतोय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कोथरूड, पुणे